वरळीचे बेडूक आणि गोदीतले खैर

मुंबई म्हणजे भराव घालून माणसाने उभी केलेली जमीन, गिरण्यांच्या भोंग्यांआधी तिला इतिहास नव्हता, हा समज खोलवर रुजलेला आहे. चिंचपोकळीसारख्या परळ आणि माझगाव या जुन्या बेटांदरम्यानच्या वस्तीत तर तो सहज पटतो. पण पश्चिमेला वरळीची टेकडी आणि दक्षिणेला प्रिन्सेस डॉक, या दोन ठिकाणच्या खोदकामांनी हा समज एकोणिसाव्या शतकातच खोटा ठरवला आहे.

वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळाच्या खडकात बोटाच्या पेराएवढ्या बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेनने 1847 मध्ये त्यांचे शास्त्रीय वर्णन केले आणि 1930 मध्ये नोबलने त्यांना ‘इंडोबॅट्रॅकस’ ही स्वतंत्र प्रजाती मानले. त्याच खडकातल्या कासवाचे वर्णन एच. जे. कार्टरने केले. मान आडवी वळवून कवचाखाली घेणाऱ्या गटातले हे कासव. त्याचे आजचे भाऊबंद आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा दक्षिणेकडच्या भूभागांतच उरले आहेत. एवढ्याशा प्राण्यांवरून अख्ख्या बेटाचा इतिहास कसा सांगणार, असे कोणी म्हणेल. पण बेडूक समुद्रात वाढत नाही. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे गोडे पाणी साठले होते आणि दोन उद्रेकांमध्ये जीवसृष्टी बहरण्याइतकी उसंत मिळाली होती, एवढे तो निःसंशय सांगतो.

दुसरा पुरावा त्यामानाने अगदी अलीकडचा. 1878 मध्ये प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली 382 झाडे उघडी पडली, बहुतेक खैराची. ती भरतीबरोबर वाहून आली असतील, हा आक्षेप रास्त आहे. आडव्या ओंडक्यांपुरता तो मानताही येईल. पण 223 झाडे उभी होती, त्यांची मुळे मूळच्या मातीत रुतलेली होती. खैर कोरड्या जमिनीवरचे झाड, ते समुद्राच्या तळाशी उगवत नाही. म्हणजे इथे रान होते आणि पुढे समुद्राने ते गिळले. माणसाने भर घालण्याच्या कितीतरी आधीपासून ही भूमी आपला आकार बदलत आली आहे.

हे दोन्ही शोध लागले ते त्या काळी खणताना कोणीतरी थांबून पाहिले म्हणून. आज वरळीखालून मेट्रो 3 चा बोगदा गेला आहे, चिंचपोकळी-लालबागच्या गिरण्यांच्या जागी टॉवरांसाठी खोल तळघरे खणली जातात. तपासणीसाठी काम थांबवणे परवडत नाही, असे बांधकामवाले म्हणतील. पण काम थांबवण्याची गरजच नाही. पाया घेण्यापूर्वी बोअरिंग करून खडकाचे नमुने काढलेच जातात. ते फेकून न देता भूवैज्ञानिकांना दाखवावेत आणि निवडक नमुने राणीबागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जपावेत. महापालिकेने बांधकामाच्या परवानगीतच ही अट घालावी.