हृदयातील यंत्र आणि रक्तातील साखर

आमच्या बीरगांवला लागून उरला औद्योगिक क्षेत्र आहे. रात्रपाळी करून आलेला, इन्सुलिन घेणारा एखादा कामगार न जेवता झोपला, अशी कल्पना करा. रक्तातील साखर 70 मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या बरीच खाली गेली की एरवी घाम येतो, छाती धडधडते, जाग येते. पण मधुमेह जुना असेल तर ही लक्षणे बोथट होतात. बीटा-ब्लॉकर चालू असेल तर धडधडही कमी जाणवते. मग सूचना कोण देणार?

आता इतिहास पाहू. 1903 च्या सुमारास आइंथोव्हेन यांनी हृदयाचा विद्युत-आलेख अचूक टिपला. 1922 मध्ये टोरांटोत रुग्णाला प्रथम इन्सुलिन दिले गेले. त्याने जीव वाचले, पण मात्रा जास्त झाली तर साखर घसरण्याचा धोकाही आला. 1958 मध्ये स्टॉकहोममध्ये पहिला पेसमेकर शरीरात बसवला गेला आणि 1980 मध्ये मिरोव्स्की यांचा डिफिब्रिलेटर आला. 1991 मध्ये टॅटरसॉल आणि गिल यांनी रात्री नीट झोपलेल्या, सकाळी मृत आढळलेल्या तरुण मधुमेहींच्या 22 घटना मांडल्या. संशय साखर घसरण्यावर होता.

हृदयाचा संबंध कसा? साखर घटली की ॲड्रेनलिन वाढते, रक्तातील पोटॅशियम घटते. त्यामुळे ठोक्यानंतर हृदयपेशींना विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला अधिक वेळ लागतो. आलेखात हे क्यूटी अंतर लांबल्याने दिसते. पेसमेकर हृदयाचे संकेत सतत वाचतोच. मग त्यातूनच साखरेचा इशारा का मिळवू नये? 2000 नंतरच्या दशकात पेसमेकर बनवणाऱ्यांच्या पेटंटांत ही कल्पना दिसते.

अडचण संकेत ओळखण्याची आहे. हृदयाला रक्त कमी पडले तरी आलेख बदलतो; औषधांनी क्यूटी लांबते. साखर समजून हृदयविकार सुटला तर अनर्थ, आणि वारंवार खोटा इशारा आला तर रुग्ण यंत्राकडे दुर्लक्ष करणार. दरम्यान 1999 मध्ये त्वचेखालील संवेदकाने साखर सतत मोजण्याच्या यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि थेट मापनाची वाट पुढे गेली.

तरीही कल्पना संपली नाही. 2020 मध्ये वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी छातीवरील आलेखातून साखरेची घसरण ओळखणारी संगणकप्रणाली मांडली. ती प्रत्येक व्यक्तीच्या स्वतःच्या नोंदींवर शिकवली होती, कारण घसरणीची खूण माणसागणिक वेगळी असते. वर्षानुवर्षे एकाच हृदयाजवळ राहणाऱ्या यंत्राचे बळ नेमके इथेच आहे.

अभियंता म्हणून लक्षात ठेवा: यंत्राला 'सरासरी माणूस' शिकवून भागत नाही. झोपलेला माणूस एकच असतो.