श्वासांची मोजणी आणि निदानाचा अधिकार : गडचिरोलीतील बालन्यूमोनियाच्या उपचाराचा इतिहास

प्रस्तावना

भारतातील बालआरोग्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा लसीकरणाच्या मोहिमा, दुष्काळ आणि कुपोषण यांकडे जाते. मूल आजारी असल्याचे नेमके कोणी ओळखले आणि ओळखल्यानंतर औषध देण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात गडचिरोली जिल्ह्यातील बालन्यूमोनियाच्या उपचाराच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

निदानाची समस्या

खोकला व ताप हे लहान मुलांचे नित्याचे आजार होत. त्यांतील बहुतेक मुलांना साधी सर्दी असते व प्रतिजैविकाची गरज नसते. थोड्या मुलांना मात्र न्यूमोनिया झालेला असतो आणि उपचाराविना ती मुले काही दिवसांत दगावू शकतात. हा भेद करण्याची साधने म्हणजे स्टेथोस्कोप व क्ष-किरण, अशी वैद्यकाची धारणा होती. पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे काम करणारे फ्रँक शान व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये वेगळा मार्ग दाखविला. सूज आलेले फुप्फुस ताठर होते, म्हणून मूल उथळ व जलद श्वास घेते. आजार वाढल्यास श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. ही दोन्ही लक्षणे डोळ्यांनी दिसतात. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने मिनिटाला श्वासांची मर्यादा ठरविली : दोन महिन्यांखालील बाळास ६०, दोन ते बारा महिन्यांपर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४०. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे, ही अट महत्त्वाची. कारण रडणाऱ्या मुलाचा श्वास जलदच असतो आणि तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो.

हे ज्ञान सर्वस्वी नवे होते असे म्हणता येत नाही. धाप लागणे, पोट उडणे, 'डब्बा' हे शब्द मायबहिणींच्या बोलीत पूर्वीपासून आहेत. मेळघाटासारख्या भागात मुलाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा आढळते. तिला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे प्रस्तुत लेखिकेस अपुरे वाटते. ज्या घरात हा डाग दिला जातो, त्या घरात मूल गंभीर आजारी असल्याची जाण असतेच. निरीक्षण आहे, पण त्यास जोडलेला उपाय घातक आहे.

गडचिरोलीचा प्रयोग

चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८६ मध्ये तेथे आले. त्याच विद्यापीठाचे कार्ल टेलर यांच्या पंजाबातील नारंगवाल प्रकल्पात कुटुंब-आरोग्य कार्यकर्त्यांनी मुलांच्या न्यूमोनियावर पेनिसिलिन दिले होते. गडचिरोलीने याहून पुढचे पाऊल टाकले. येथे निमवैद्यकीय कर्मचारी व गावातील आरोग्यसेवक यांच्याबरोबर निरक्षर सुईणींकडेही औषध सोपविण्यात आले.

पन्नासपर्यंत मोजणे ज्यांना जमत नव्हते त्यांनी श्वास कसे मोजावेत? त्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांच्या ओळी असलेले श्वासमापक तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया. लहान बाळासाठी व मोठ्या मुलासाठी ओळ वेगळी. अंकज्ञान नसणे हा निदानातील अडथळा आहे, हे गृहीतकच या साध्या उपकरणाने निकालात काढले.

१९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५८ गावांत को-ट्रायमोक्साझोलचा उपचार व लोकशिक्षण, तर तुलनेसाठी ४४ गावे, अशी रचना होती. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर उपचाराच्या गावांत ८.१ होते. तुलनेच्या गावांतील मुलांपर्यंत ते औषध त्या काळात पोहोचले नाही, ही नैतिक बाजू इतिहासकाराने नोंदविलीच पाहिजे. मात्र त्या तुलनेवाचून सुईणीच्या हातातील औषधास शासकीय मान्यता मिळाली असती काय, याविषयी शंका वाटते.

नवजात बालकाकडे

न्यूमोनियाचे मृत्यू घटल्यावर जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यूंचे प्रमाण ठळक झाले. १९९५ पासून ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी नवजात बाळांना ऊब देणे, स्तनपानास मदत करणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास जेन्टामायसिनची सुई देणे सुरू केले. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ पर्यंत उतरल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २००१ मधील 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आणला.

२०११ मध्ये केंद्र शासनाने घरोघरी नवजात बालसेवेची पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. गृहभेटींचे वेळापत्रक, वजनकाटा, तापमापक हे सर्व आले. सुई मात्र आशाच्या हाती दिली गेली नाही. २०१४ मध्ये परिचारिकांना जेन्टामायसिन देण्याची मुभा मिळाली, तीही बाळास रुग्णालयात नेणे शक्य नसेल अशाच स्थितीत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने न्यूमोनियासाठी अमोक्सिसिलिनला पहिली पसंती दिली. औषध बदलले, श्वास मोजण्याची रीत कायम राहिली. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो तेव्हा भामरागडचा संपर्क तुटतो. आजारी बाळाला रुग्णालयात न्यावे, हा नियम त्या दिवसांतही तोच असतो.