वत्सगुल्माच्या मुलखातील कामव्यसन

कामव्यसन ओळखताना माणसाची इच्छा किती तीव्र आहे हे दुय्यम ठरते. तिच्यावरचा त्याचा ताबा सुटला आहे का, हे आधी पाहावे लागते. नुकसान डोळ्यांसमोर दिसत असते, ‘आता पुरे’ असे मनाशी अनेकदा ठरवून झालेले असते, पुष्कळदा त्यातले सुखही संपलेले असते. तरीही तीच कृती पुन्हा पुन्हा घडत राहते. आजचे मानसशास्त्र याला सक्तीचे लैंगिक वर्तन म्हणते. हे नाव अलीकडचे आहे. ज्या मुलखात आज रिसोड आणि वाशिम आहेत, त्या प्राचीन वत्सगुल्माचा या विषयाशी आलेला संबंध मात्र दीड हजार वर्षांहून जुना आहे.

रिसोड हे वाशिमच्या पश्चिमेला, लोणारच्या बाजूचे तालुक्याचे गाव. वाशिम म्हणजेच वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकात सर्वसेनाने ही शाखा सुरू केली. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली वाशिमला सापडला, तेव्हा या घराण्याच्या इतिहासाला भक्कम आधार मिळाला. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला हरिषेण हा या शाखेचा शेवटचा बलाढ्य राजा. अजिंठ्याचे सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतले. एवढे वैभव असलेले हे राज्य हरिषेणानंतर फार थोड्या काळात कोसळले.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख नावानिशी येतो. पाचव्या अधिकरणातल्या एका प्रकरणात राजे आणि अधिकारी यांच्या वागण्याचा विचार आहे. तिथे निरनिराळ्या प्रदेशांतल्या चाली सांगताना वात्स्यायन म्हणतो, की वत्सगुल्मात मोठ्या अमात्यांच्या घरच्या स्त्रिया रात्री सेवेसाठी राजाकडे जातात. आंध्र, विदर्भ, अपरान्त आणि सौराष्ट्र इथल्या अशाच चालीही त्याच ओघात येतात. कामसूत्रावरच्या जयमंगला टीकेने वत्स आणि गुल्म हे दक्षिणापथातले दोन सख्खे राजपुत्र होते आणि त्यांच्या वस्तीमुळे प्रदेशाला हे नाव पडले, असा खुलासा केला आहे. सूत्रातली नोंद ऐकीव असू शकते. तिच्यावरून एका नगराच्या शीलाचा निवाडा करणे योग्य नाही. पण त्याच प्रकरणाच्या आरंभी वात्स्यायन जे सांगतो ते फार मोलाचे आहे. राजाने आणि महामात्रांनी परक्या घरात शिरू नये, कारण लोक त्यांचे वागणे पाहतात आणि त्याचेच अनुकरण करतात. ‘सेवा’ या शब्दाआड त्या स्त्रियांची इच्छा होती का, हा प्रश्न मात्र सूत्रात कुठेच विचारलेला नाही. आजच्या वाचकाला ही उणीव बोचते, आणि ती बोचलीच पाहिजे. सत्तेच्या जोरावर घेतलेला भोग हा अत्याचार असतो; त्याला आजाराचे पांघरूण घालता येत नाही.

आजाराच्या जवळ जाणारा विचार कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. ‘व्यसन’ या शब्दाची तिथली फोड मार्मिक आहे: माणसाला त्याच्या कल्याणापासून दूर फेकते ते व्यसन. कामातून उपजणारी चार व्यसने सांगितली आहेत: शिकार, जुगार, स्त्री आणि मद्य. यांत अधिक घातक कोणते, यावर जुन्या आचार्यांची मते देऊन कौटिल्य त्यांचा प्रतिवाद करतो. जुगार आणि स्त्रीव्यसन यांची तुलना करताना तो म्हणतो, की जुगारातून माणूस परत आणता येतो, स्त्रीव्यसनातून आणता येत नाही. पुढे तो लक्षणे देतो. असा राजा लोकांना दिसेनासा होतो, त्याला कामाचा कंटाळा येतो, करायच्या गोष्टींची वेळ टळून जाते, धर्म बुडतो, राज्ययंत्रणा लुळी पडते आणि जोडीला दारू येते. स्त्रीला माणूस न मानता व्यसनाची वस्तू मानणे हा या मांडणीचा मोठा दोष आहे. तो बाजूला ठेवून लक्षणे वाचली, तर आजच्या दवाखान्यातला कागद वाचत असल्यासारखे वाटते. टाळाटाळ, जबाबदाऱ्यांकडे पाठ, एका व्यसनाला लागून आलेले दुसरे व्यसन. ‘परत आणता येत नाही’ हा निष्कर्ष मात्र आजच्या उपचारांनी खोटा ठरवला आहे.

वत्सगुल्माच्या भूमीशी जोडली जाणारी सर्वांत जिवंत कहाणी दंडीच्या दशकुमारचरितात आहे. दंडी सातव्या शतकाच्या सुमाराचा. त्याच्या ग्रंथातल्या विश्रुताच्या कथेत विदर्भाचा तरुण राजा अनंतवर्मा येतो. वडील पुण्यवर्मा मोठे कर्तबगार. मुलगा बुद्धीने तल्लख, नृत्य-गीत-काव्यात निपुण, पण राज्यकारभारात मन नसलेला. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला एकांतात समजावतो: तुझी बुद्धी सोन्यासारखी आहे, पण सोने आगीत तावून निघाले नाही तर झळाळत नाही. राजा ऐकून घेतो, मान डोलावतो आणि अंतःपुरात निघून जातो. तिथे विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या बसलेला असतो. तो मंत्र्याच्या उपदेशाची टर उडवतो. शास्त्राप्रमाणे वागणाऱ्या राजाला जेवायलाही उसंत नसते आणि झोपायलाही, मग राजेपणाचा उपयोग काय, असे तो विचारतो. राजा हसतो, आणि हळूहळू म्हाताऱ्या मंत्र्याला टाळू लागतो.

पुढे अश्मकाच्या राजाने पेरलेला चंद्रपालित दरबारात येतो. राजाचे प्रत्येक व्यसन हे कसे गुणच आहे, हे तो पटवून देतो. शिकारीने अंग हलके राहते, जुगाराने मनाला धीर येतो, स्त्रीसंगाने धर्म आणि अर्थ सफळ होतात, मद्याने दुःख विसरते. राजाला हे गुरूच्या उपदेशासारखे वाटते. प्रजा राजाचे पाहून तसेच वागू लागते, अधिकारी आपापले खिसे भरतात, खजिना आटतो. शेवटी वनवासीचा भानुवर्मा चढाई करतो, मांडलिक फितूर होतात आणि अनंतवर्मा मारला जातो. राणी वसुंधरा दोन मुलांना घेऊन परागंदा होते.

इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी या कथेत हरिषेणानंतरच्या वत्सगुल्म-वाकाटकांच्या पतनाची आठवण उतरली आहे, असे मत मांडले. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनीही या कथेचा आधार घेतला. सर्वच इतिहासकार ते मानत नाहीत, आणि अनंतवर्म्याला कोण्या एका ऐतिहासिक राजाचे नाव चिकटवणे धाडसाचे होईल. मानसशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही कथा फार मोलाची आहे. चंद्रपालिताचे भाषण म्हणजे व्यसनी माणूस स्वतःच्या मनाशी जे बोलतो तेच, फक्त दुसऱ्याच्या तोंडी घातलेले. ‘यात वाईट काय’, ‘यानेच तर ताण जातो’, ‘उद्यापासून बंद’ ही आजची वाक्ये त्याच घराण्यातली. उपदेश पटतो, मान डोलते, तरी पाय अंतःपुराकडेच वळतात, ही फट दंडीने अचूक टिपली आहे.

वत्सगुल्माच्या वाकाटक घराण्यातलाच देवसेन हा हरिषेणाचा पिता, त्याच्याकडेही पाहायला हवे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला शिलालेख सांगतो, की हस्तिभोज या समर्थ मंत्र्यावर कारभार सोपवून देवसेन सुखोपभोगात रमला. एवढ्यावरून त्याला व्यसनी म्हणता येत नाही. त्याच्याच काळात, शके ३८० मध्ये, स्वामिल्लदेवाने वाशिमजवळ हिस्से-बोराळा इथे सुदर्शन नावाचा जलाशय बांधल्याचा शिलालेख आहे. राज्य चालू होते, तळी बांधली जात होती. भोगाची आवड आणि भोगाची सक्ती यांतला फरक देवसेन आणि कथेतला अनंतवर्मा यांना शेजारी ठेवले की दिसतो.

मराठी बोलीलाही हा फरक ठाऊक आहे. ‘रंगेल’ म्हणताना ओठांवर थोडे हसू असते; ‘बाहेरख्याली’ म्हणताना ठपका असतो; ‘त्याला नाद लागलाय’ म्हणताना सूर काळजीचा होतो. ‘नाद’ हा शब्द दारू, जुगार आणि बाई या तिन्हींना सारखाच लागतो, म्हणजे लोकांनी त्यांची जात एकच ओळखली होती. या सगळ्या शब्दांत पुरुषच गृहीत धरलेला आहे. सक्तीचे लैंगिक वर्तन स्त्रियांतही आढळते, पण त्यांच्या वाट्याला भाषेने शिव्यांखेरीज काही ठेवले नाही. म्हणून त्या बोलतही नाहीत.

युरोपात १८८६ साली क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने अतिरेकी कामेच्छेची नोंद वैद्यकात केली. महाराष्ट्रात या विषयावर उघडपणे लिहिण्याची किंमत र. धों. कर्वे यांनी मोजली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत, मृत्यूपर्यंत, चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या अशा उत्तरांसाठी १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरी कर्व्यांना दंड झाला. कर्व्यांनी जे सांगितले त्याचे महत्त्व आज अधिक कळते. पुष्कळांना छळते ती भीती आणि अपराधभावना. हस्तमैथुनासारखे वर्तन स्वतः निरुपद्रवी असते. वीर्य गेल्याने शक्ती जाते या समजुतीतून येणाऱ्या त्रासाला १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. असा घाबरलेला तरुण स्वतःला व्यसनी म्हणवून घेतो, पण तो व्यसनी नसतो.

हीच सीमारेषा जागतिक आरोग्य संघटनेने आखली आहे. आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात सक्तीचे लैंगिक वर्तन हा आवेगनियंत्रणाचा विकार मानला आहे. हे वर्तन आयुष्याच्या केंद्रस्थानी येते, त्यापायी तब्येत आणि जबाबदाऱ्या मागे पडतात, थांबवण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात आणि सुख मिळत नसले तरी ते चालूच राहते. असे साधारण सहा महिने किंवा अधिक काळ असावे लागते. केवळ नैतिक बोचणीमुळे होणारा त्रास निदानाला पुरेसा नाही. याउलट अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात असा विकार घेतला गेला नव्हता. त्याला व्यसन म्हणावे की आवेगाचा विकार, हा वाद अजून मिटलेला नाही.

अशा व्यक्तींच्या स्वभावाचा एकच साचा नसतो. अभ्यासांत काही गोष्टी मात्र वारंवार दिसतात. आवेग आवरत नाही, विशेषतः मन खिन्न किंवा अस्वस्थ असताना. चिंता, उदासी, चिडचिड यांकडे कल जास्त असतो. शिस्त आणि सातत्य कमी पडते. आपल्याला नेमके काय वाटते आहे, हे काहींना शब्दांत सांगता येत नाही. नाती जवळची झाली की भीती वाटते, दूर गेली की एकटेपणा खातो. काहींच्या मागे बालपणीची उपेक्षा किंवा अत्याचार असतो. नैराश्य आणि मद्यपान बरोबर असणे नेहमीचे. या सगळ्यांना शरम एकत्र बांधते. दुःख हलके करण्यासाठी कृती होते, कृतीनंतर शरम येते, आणि ती शरमच पुढच्या वेळचे दुःख बनते. म्हणून वसुरक्षितासारखा कोरडा उपदेश इथे लागू पडत नाही.

उपचारात या वर्तनाला चालना कशाने मिळते हे आधी शोधतात: कोणत्या वेळी, कोणत्या एकटेपणात, कोणत्या भांडणानंतर पाय तिकडे वळतो. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती इथे मुख्य मानली जाते. सोबतचे नैराश्य किंवा दारू यांवर वेगळा उपचार होतो आणि काहींना नैराश्यावरची किंवा आवेग कमी करणारी औषधे दिली जातात. जोडीदाराला झालेली जखम हा उपचाराचा वेगळा भाग असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क ठरवला. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रिसोडमधूनही, कोणाला न सांगता, मराठीत बोलता येते.