व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स: फी भरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट', 'माइंडसेट' असल्या कोर्सच्या जाहिराती मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरू लागतात. पहिला सेमिनार फुकट, खरी फी शेवटच्या दहा मिनिटांत: 'आजच भराल तर निम्मी.' आमच्या मते ही घाईच पहिली खूण. घरी येऊन दोन दिवस विचार करा.

आम्ही पालकांना एकच विचारतो, कोर्स संपल्यावर मुलाला नेमकं काय येईल? 'आत्मविश्वास वाढेल' हे उत्तर नव्हे. 'चार लोकांसमोर पाच मिनिटं न अडखळता बोलेल' हे उत्तर, कारण ते तपासता येतं. व्हिडिओत अनुभव सांगणारे खूश झालेलेच असतात. मध्येच सोडून गेलेला एखादा शोधा, त्याच्याशी बोला. फी परत मिळण्याची अट लेखी घ्या, तोंडी नको.

सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवर कोर्स मोफत शिकता येतात. पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. दागिने गहाण ठेवून तर कोर्स नकोच, भाई.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. पावती मात्र लागेल.