बाटलीवरची तारीख

इंग्लंडातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात काचेची एक चिमुकली बाटली कधीमधी दृष्टीस पडते. बोटाएवढी उंची, पायऱ्यापायऱ्यांचे खांदे आणि अंगावर उठावाची अक्षरे: रॉबर्ट टर्लिंग्टनचे नाव, राजाने दिलेल्या पेटंटचा उल्लेख, आणि तारीख २६ जानेवारी १७५४. नव्या संग्राहकाला वाटते, पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे घबाड गवसले!

टर्लिंग्टनने १७४४ साली दुसऱ्या जॉर्ज राजाकडून आपल्या 'बाल्सम ऑफ लाइफ'चे पेटंट मिळविले. मुतखड्यापासून पोटशुळापर्यंत सर्वांवर हे एकच औषध! आत काय होते म्हणाल, तर मुख्यतः लोबानासारखे सुगंधी डिंक, मद्यार्कात मुरवलेले. आपल्याकडे जखमेला लावतात ते टिंक्चर बेन्झॉइन त्याच्याच गोतातले. औषध खपू लागले तसे लबाडही जागे झाले. रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यांत ते भलतेच मिश्रण भरू लागले. म्हणून टर्लिंग्टनने १७५४ मध्ये ही नवी घडण काढली आणि तिच्यावर तारीख घातली. झाले काय? नकला करणारांनी घडणीसकट तारीखही उचलली! पुढे शतकभर, अटलांटिकपलीकडे अमेरिकेतसुद्धा, नव्या बाटल्यांवर तीच तारीख उमटत राहिली.

मग खरे वय सांगावे कोणी? काचेने. तळ बोटाने चाचपावा. फुंकलेली तापती बाटली लोखंडी सळईला तळाशी चिकटवून धरीत, तोंड घडवीत, आणि मग तोडून काढीत. त्याचा खरखरीत वण लागला, तर बाटली बहुधा १८६० च्या आधीची. तळ गुळगुळीत असून साच्याची शिवण मानेपाशी थांबली, तर तोंड हाताने केलेले. साधारणपणे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. शिवण ओठावरून पार गेली, तर ते विसाव्या शतकातल्या यंत्राचे काम. अर्थात हे काही पंचांगाचे गणित नव्हे. जुने कारागीर आपली रीत सहजासहजी सोडीत नसत.

बोटांनी बाटली वाचण्याची ही विद्या मात्र संग्राहकांची एकट्यांची नव्हे. १८५८ साली ब्रॅडफर्ड गावी पेपरमिंटच्या वड्यांत घालावयाच्या पांढऱ्या भुकटीऐवजी चुकून सोमल दिला गेला आणि सुमारे २० माणसे दगावली. विषारी द्रव्यांवर तसे स्पष्ट लिहिलेच पाहिजे, असा कायदा १८६८ मध्ये झाला. पण चिठ्ठी वाचणार कोण? ज्याला अक्षरओळख नाही त्याने काय करावे, आणि मेणबत्ती विझल्यावर शिकलेल्याने तरी काय करावे? म्हणून विषाच्या बाटल्या गर्द निळ्या किंवा हिरव्या काचेच्या, पुष्कळदा षट्कोनी आणि अंगभर उभे कंगोरे असलेल्या होऊ लागल्या. मध्यरात्री खोकल्याचे औषध शोधत फडताळात चाचपडणारा हात त्या कंगोऱ्यांपाशी थबकावा, एवढ्यासाठी.