कातळ घरचा, दोर परगावचा

जळगाव स्टेशनवर पंजाब मेल पकडायची, ग्वाल्हेरला उतरायचं आणि तिथल्या कातळावर आयुष्यात पहिल्यांदा कमरेला दोर बांधायचा. खान्देशातल्या एनसीसी कॅडेटला प्रस्तरारोहण शिकायचं तर वर्षानुवर्षं वाट ही अशी. एनसीसीची प्रस्तरारोहण शिबिरं भरत आली ती दोन ठिकाणी, ग्वाल्हेरला आणि केरळात नेय्यार धरणापाशी. त्यातल्या त्यात ग्वाल्हेर जवळ! गंमत अशी की ज्या जमिनीवरून हा कॅडेट गाडी धरायला निघतो, ती जमीनच कातळाची आहे.

धुळे-साक्री रस्त्याने जाताना माळावर काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती दिसतात. कुणा राजाने बांधून अर्धवट सोडल्यासारख्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांत तप्त रस घुसला, तिथेच थिजला आणि आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेल्यावर उघडा पडला. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. साक्रीहून धुळ्यावरून पारोळ्याकडे गेलेला एक डाइक ७०-८० किलोमीटर लांबीचा आहे. हा रस दोन्ही बाजूंनी थंड होत गेल्यामुळे त्यातले दगडी खांब उभे नसतात, लाकडाची मोळी रचावी तसे आडवे असतात. हाताला खोबण आणि पायाला पावठी, दोन्ही निसर्गाने आयतीच दिलेली.

खान्देशच्या राज्यकर्त्यांना मात्र सोपा कातळ नकोच होता. चढता येणार नाही असा कडा त्यांना हवा असे. फारुकी घराण्याच्या मलिक राजाने मरताना थाळनेर एका मुलाला दिलं आणि लळिंग थोरल्या नासीरखानाला. लळिंगच्या माथ्यावरची खोदलेली टाकी आणि तटबंदी पाहिली की गडावर पाणी असावं आणि वाट एकच असावी, हा हिशेब लगेच कळतो. साक्री तालुक्यातलं भामेर आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरचं सोनगीर ही त्याच हिशेबातली ठाणी.

वाट नसलेल्या कड्यावर माणसं चढवण्याची युक्तीही त्याच काळातली. १५३५ साली हुमायूनने गुजरातचं चांपानेर घेतलं, ते कड्यात पोलादी मेखा ठोकून. रात्रीच्या अंधारात ३९ गडी वर गेले, चाळिसावा बैरामखान आणि एक्केचाळिसावा खुद्द बादशहा, असा हिशेब अकबरनामा देतो. पुढे हुमायून खान्देशात बुऱ्हाणपुरापर्यंत येऊन गेला. आजचे गिर्यारोहक ज्याला पेग किंवा पिटॉन म्हणतात, ती वस्तू आपल्याकडे इतकी जुनी आहे. फक्त ती शाळेच्या पटांगणात कधी आली नाही.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं. तेव्हाचा खान्देश केवढा तर साल्हेर, मुल्हेर, गाळणा हे किल्लेही त्यातच. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा ते तिकडे गेले. पुन्हा बंड नको म्हणून इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या वाटा मोडल्या. अलंग-मदनच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या असं सांगतात. आज तिथले कातळटप्पे दोराशिवाय चढवत नाहीत. म्हणजे महाराष्ट्रातल्या प्रस्तरारोहणाच्या काही उत्तम वाटा इंग्रजांच्या दारूगोळ्याने तयार केल्या म्हणायच्या!

ज्या गडांच्या वाटा शाबूत राहिल्या, तिथे शाळेच्या सहली गेल्या. धुळ्याच्या मुलांची सहल लळिंगला. पायथ्याचं हेमाडपंती मंदिर पाहायचं, वर ललितामातेचं दर्शन घ्यायचं, उतरताना लांडोर बंगल्याकडे वळायचं, जिथे ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामाला होते. चाळीसगाव-जळगावकडची मुलं पाटणादेवीला जात. तिथे भास्कराचार्यांचं नाव ऐकायचं आणि जमलं तर पितळखोऱ्याची लेणी गाठायची. हात कातळाला लागायचा तो घसरू नये म्हणून, तेवढाच. शाळेत दोर आला तो स्काउटच्या तासाला. मुलं गाठी मारायला शिकली आणि त्या गाठी खांबालाच बांधल्या गेल्या.

खरा दोर दार्जिलिंगहून आला. तेनसिंग-हिलरींच्या एव्हरेस्ट चढाईनंतर १९५४ मध्ये तिथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली. त्याच वर्षी मुंबईत गिरिविहार ही संस्था उभी राहिली. मुंब्र्याचे कडे आणि कान्हेरीचा परिसर ही मुंबईकरांची कातळशाळा ठरली. याच गिरिविहारने २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगच्या विश्वचषकाचा टप्पा भरवला. हे वेड पूर्वेकडे सरकत मनमाडपर्यंत आलं. अंकाई-टंकाईजवळचा हडबीची शेंडी हा अंगठ्यासारखा सुळका चढायला पुण्या-मुंबईचे क्लब दोर घेऊन येतात. जळगावची मंडळी मात्र मुंबईला जाता-येता तो अंगठा गाडीच्या खिडकीतून पाहत आली.

मुलांना हे झेपेल का, या शंकेचं उत्तर शेजारच्या राज्यातून आलं. समाजकल्याण निवासी शाळेतली पूर्णा मालावत हिने हैदराबादजवळच्या भोंगीरच्या कातळावर पहिले धडे गिरवले आणि २५ मे २०१४ रोजी ती एव्हरेस्टवर होती. वय १३ वर्षं ११ महिने. आपल्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’तून मे २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतल्या पाच विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठलं. एव्हरेस्टचा गाजावाजा झाला, पण शाळांच्या दृष्टीने मोलाचा होता तो भोंगीरचा कातळ. शिक्षक, दोर आणि रोजचा सराव असेल तर तसा धडा साध्या टेकडीवरही देता येतो.

शाळा कचरतात, त्यालाही कारण आहे. शिबिरात मुलगा गमावलेल्या पालकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. २०१४ मध्ये सरकारने साहसी उपक्रमांवर कडक नियम आणले. ते पाळणं अशक्य असल्याची ओरड गिर्यारोहण संस्थांनी केली आणि २०२१ मध्ये नोंदणीची सक्ती असलेलं साहसी पर्यटन धोरण आलं. कागदांचा ढीग वाढला हे खरं. पण मुलाच्या कमरेचा हार्नेस कोण तपासतो, हे मुख्याध्यापकांना विचारावंच लागतं, हेही त्यामुळेच. हा प्रश्न आधीच विचारला जायला हवा होता.

तेव्हा धुळे-जळगावच्या मुख्याध्यापकांनी यंदाच्या सहलीच्या कागदात एक ओळ वाढवावी: नोंदणी असलेली संस्था, हेल्मेट, दोर आणि वीस फुटांचा एक कातळ. ग्वाल्हेरला जायला जळगावहून अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. लळिंग धुळ्याच्या बसस्थानकापासून दहा किलोमीटरच्या आत आहे.