सूरजागडच्या वाटेवरून मेंदूतल्या आठवणींकडे

सूरजागड म्हटलं की आज सगळ्यांना लोहखनिज आठवतं. पण मध्य भारताच्या जंगलाने जगाला आणखी एक गोष्ट दिली आहे: सर्पगंधाचं मूळ. झोप उडाली, माणूस वेडापिसा झाला, की वैद्य-वैदू हे मूळ द्यायचे.

१९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांचा अभ्यास छापला. सर्पगंधाने वाढलेलं ब्लडप्रेशर उतरत होतं. जगाचे कान टवकारले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं.

आता योगायोग बघा. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज हेही ब्लडप्रेशरच्याच मागे होते. त्यांनी रक्तातून सेरोटोनिन वेगळं केलं. १९५३ मध्ये बेटी ट्वारोग आणि पेज यांनी ते मेंदूतही असल्याचं दाखवलं. १९५५ मध्ये दोन्ही धागे जुळले: रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन झपाट्याने घटलं. मनाच्या अवस्थेमागे रसायन असू शकतं, हा विचार इथून जोर धरू लागला.

मग आठवणींचं काय? एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीच्या पेशींवर काम केलं. सेरोटोनिन एकदा दिलं, तर पेशींमधला जोड काही मिनिटंच बळकट राहतो. थांबून थांबून पाच वेळा दिलं, तर एक दिवसाहून जास्त, कारण पेशी नवीन प्रथिनं बनवते. म्हणजे फाइल खरोखर सेव्ह होते. कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं.

अल्झायमरमध्ये सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशीही मरतात. पण सेरोटोनिन वाढवलं की हरवलेल्या आठवणी परत येतील, इतकं सोपं गणित नाही. विसरण्यामागे इतरही बरीच कारणं असतात.

या इतिहासात शास्त्रज्ञांची नावं राहिली. मूळ ओळखणाऱ्या, खणून आणणाऱ्या माणसांची नावं कुठेच नाहीत. मागणी वाढली, जंगलातली सर्पगंधा कमी झाली, आणि १९९० मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. सूरजागडच्या परिसरातल्या माडिया लोकांचं जंगलाचं ज्ञान बहुतांश तोंडीच आहे. ते कुठल्या सर्व्हरवर नाही, म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. जंगल गेलं आणि विचारणारं कुणी उरलं नाही, तर ती आठवण कुठल्याही गोळीने परत येणार नाही. म्हणून मंडळी, घरातल्या आजीला या आठवड्यात एक तरी झाड विचारा.